मदत हवी आहे: बॉटनी पूर्ण करू की चित्रकलेकडे वळू? (सातारा)

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर बॉटनी. चौथं सेमिस्टर चालू आहे आणि परीक्षेच्या आत घरी काहीतरी एक सांगायचंय, म्हणून हा धागा. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागणं बरं वाटत नाही.

चित्रं मी शाळेपासून काढते. एलिमेंट्री आणि इंटरमीजिएट, दोन्हींना ए ग्रेड आहे. बारावीनंतर बीएफए (चित्रकलेची पदवी) करायचं मनात होतं, पण पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ तेव्हा दहावीला. मुंबईत राहायच्या खर्चाचा विषय काढायचीही सोय नव्हती. मग सायन्सच धरलं. आणि झालं असं की बॉटनी मला मनापासून आवडायला लागली. नसती आवडली तर निर्णय सोपा होता.

पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आमची कासला फील्ड व्हिजिट होती. साताऱ्याच्या पोरांना कासचं काय एवढं, लहानपणापासून यवतेश्वरचा घाट चढतोय. पण त्या दिवशी मॅडमनी आम्हाला सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) कडेला वाकून बघायला लावलं आणि सीतेची आसवं दाखवली. लांबून नुसता जांभळा गालिचा दिसतो. जवळून प्रत्येक फूल वेगळं, आणि खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याएवढे फुगे. पाण्यातले बारीक जीव त्या फुग्यांत ओढले जातात आणि झाडाला त्यांच्यातून पोषण मिळतं. कासवर काही तोडायचं नसतं. न्यायचं ते डोळ्यांत आणि कागदावर. मी तिथेच उभ्या उभ्या फूल काढलं, आणि फुगे नंतर विभागातल्या जुन्या स्लाइडवरून सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढले. त्या रात्री दीड वाजला तरी मला कळलं नव्हतं.

तेव्हापासून माझा रोजचा आनंद हाच आहे. कॉलेज सुटलं की मी आणि मैत्रीण चालत टेकडीवरच्या चार भिंतीला जातो. खाली दिवे लागेपर्यंत ती कविता वाचते, मी जे दिसेल ते काढते: घाणेरी, दगडावरचं दगडफूल, कधी नुसता तिचा हात. येताना राजवाड्यावर पाणीपुरी. पावसाळ्यात महादरे तळ्याकडे. खर्च म्हणाल तर पन्नास रुपये, पण आठवडा त्यावर निघतो.

आता अडचण. मागच्या सेमिस्टरला जर्नलच्या (प्रॅक्टिकलच्या वहीच्या) आकृत्या होत्या. वर्षानुवर्षं चालत आलेल्या आकृत्या पुस्तकातून जशाच्या तशा उतरवायच्या. मी एका प्रॅक्टिकलला समोरची डहाळी बघून चित्र काढलं, पान खरोखर जिथून किडलं होतं तिथून किडलेलं दाखवलं. ते ‘पुस्तकाप्रमाणे नाही’ म्हणून परत आलं. मी पुन्हा काढलं, मार्क मिळाले. पण त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे मी स्केचबुक उघडलं नाही. चार भिंतीला जायचे, नुसती बसून यायचे. आयुष्यात असं पहिल्यांदा झालं, आणि याचीच मला भीती बसली आहे. चित्रकलेलाच अभ्यास बनवलं, रोज सबमिशन, रोज मार्क, तर हे उरेल का? आणि नाही बनवलं, तर नोकरीत पडल्यावर हात तसाच राहील का?

समोर दिसणारे रस्ते असे. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तसं करून राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायची आणि बीएफए, म्हणजे पुढची चार वर्षं. सीईटीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं, त्याची तयारी करता येईल. कोल्हापूर जमलं तर राहण्याचा खर्च निम्म्यावर येईल, पण मन मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयावर आहे हे खोटं कशाला बोलू. दुसरा रस्ता, तिसरं वर्ष पूर्ण करून एम.एस्सी. पप्पांचं म्हणणं तेच. ते रागावत नाहीत, एवढंच म्हणतात, ‘हातात घेतलेलं काम उघडं टाकून जाऊ नये.’ ज्या माणसानं तीस वर्षं उघडलेलं प्रत्येक इंजिन बंद करूनच घर गाठलं, त्यांना मी काय उत्तर देऊ?

तिसरा रस्ता आहे का, हे मला विचारायचंय. वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढणं हे आपल्याकडे काम म्हणून करता येतं का? दापोडीच्या बागेचं वाचलं तेव्हापासून हे डोक्यात आहे. त्या बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन, त्यानं १८४७ ते १८५० या काळात तिथे एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही. पुण्याच्या एवढ्या जवळचं काम, आणि करणारा कोण ते आपल्याला ठाऊक नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

कुणी सायन्समधून कलेकडे गेलं असेल, किंवा उलट, तर कृपया लिहा.

कृष्णाकाठ (कराड):
बाळ, मी कमर्शियल आर्ट केलं आणि पुढे शाळेत चित्रकला शिकवली. तुझं तीन आठवड्यांचं वाचून थांबले. तू म्हणतेस चित्र अभ्यासाचं झालं म्हणून मन उडालं. मला तसं दिसत नाही. तू दुसऱ्याचं चित्र उतरवलंस आणि स्वतःचं खोडलंस, त्यानं मन उडालं. माझ्या कॉलेजात रोज सबमिशन असायचं, बोटं काळी व्हायची, पण समोर मॉडेल खरं असायचं. कंटाळा यायचा, वीट कधी आला नाही. तरी एक सांगते, कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं. फक्त झाडं काढायची तयारी असेल तर जाऊ नकोस.

आणि डिप्लोमा घेऊन बाहेर पडलीस तरी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत तीन वर्षांच्या आत परत येता येतं. तुमच्या कॉलेजात ते नेमकं कसं लागू आहे, बाहेर पडताना जादा क्रेडिट काय लागतात, ते ऑफिसात लेखी विचार. तोंडी उत्तरावर जाऊ नकोस.

सडा_सह्याद्री:
मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करतो. नवी जात सापडली की पेपरात रेखाचित्राची प्लेट (एका झाडाच्या सगळ्या भागांचं पान) अजूनही अनेकदा लागते, कारण फोटोत पुढचा केसर मागच्याला झाकतो, चित्रात दोन्ही दाखवता येतात. आमच्यातल्या बहुतेकांना ते धड काढता येत नाही. पूर्ण वेळ पगाराची जागा म्हणशील तर फारशी नाही. तुकड्या-तुकड्यानं येणारं काम आहे, पण आहे.

तू अख्खी प्लेट केली आहेस का? म्हणजे झाडाची ठेवण, फूल, उघडलेलं फूल, केसर, बीजकोश, शेजारी मोजपट्टी, सावली रेषेनं नाही तर ठिपक्यांनी. सुकलेल्या नमुन्यावरून करून बघ. सुकं फूल गरम पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मऊ पडतं आणि सुईनं उघडता येतं. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं हर्बेरियम (सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. सरांचं पत्र घेऊन जा. दोन दिवस तिथे बसून तुझं मन लागतं का ते तुलाच समजेल.

धागाकर्ती:
काकू, तुमचं वाचून आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘स्वतःचं खोडलंस’ यावर ती मशीन थांबवून बसली. दुसऱ्या दिवशी किडक्या पानाचं ते पहिलं चित्र वहीतून शोधून काढलं. तेव्हा खोडरबरानं पुसलं होतं, तरी रेघा दिसतात.

दादा, अख्खी प्लेट कधीच केलेली नाही. विभागात तेरड्याचा सुकलेला नमुना आहे, मॅडमनी तो वापरायला हो म्हटलंय. गरम पाण्याचं त्यांनाही विचारलं, त्या म्हणाल्या बरोबर आहे. सर्वेक्षणाच्या हर्बेरियमसाठी पत्र द्यायला तयार आहेत. सीईटीचा फॉर्मही भरणार आहे. पप्पांशी बोलले. फॉर्म भरणं म्हणजे काम उघडं टाकणं नाही, हे त्यांना पटलं. तिसऱ्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही.

रविवारी पप्पा सुट्टी काढून मला रहिमतपूरवरून औंधला घेऊन जाणार आहेत. मी सहावीत असताना तिथलं भवानी संग्रहालय बघितलं होतं, तेव्हा फक्त हेन्री मूरच्या दगडातल्या आई-बाळाजवळ थांबले होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी राज्य चालवत असताना स्वतः चित्रं काढत, हे तेव्हा माहीत नव्हतं. या वेळी त्यांची चित्रं आणि रविवर्म्याची, दोन्हींसमोर वेळ घेऊन बसायचंय.

एक शेवटचं. ठिपक्यांसाठी ०.१ मिमीचं पेन घ्यावं की ०.२ चं? आणि साध्या कार्ट्रिज पेपरवर शाई फुटते, तर साताऱ्यात चांगला कागद कुठे मिळेल? नाहीतर पुण्याहून मागवते.