झोरा नील हर्स्टनबद्दल थोडं

मानववंशशास्त्र शिकलेल्या लेखकाची कादंबरी अहवालासारखी कोरडी होते, असं काहीजण म्हणतात; मला ते पटत नाही. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिका झोरा नील हर्स्टनचंच बघा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात ती मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसच्या हाताखाली शिकली. १९२७ मध्ये फ्लोरिडात लोककथा गोळा करायला गेली, पण तिच्या कॉलेजी बोलण्याने लोक मोकळे होईनात. मग ती पुन्हा गेली, माणसांत राहिली आणि १९३५ ला 'म्यूल्स अँड मेन' हे लोककथांचं पुस्तक आलं. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही गाजलेली कादंबरी (१९३७) तिने हैतीत संशोधनासाठी असताना सात आठवड्यांत लिहिली.

मला सर्वांत मोठी वाटते ती तिच्या 'बॅराकून' या पुस्तकाची गोष्ट. शेवटच्या ज्ञात गुलामजहाजातून अमेरिकेत आणलेल्या कुडजो लुईसची हकीकत तिने त्याच्याच बोलीत उतरवली. प्रकाशकांना प्रमाण इंग्रजी हवी होती. तिने नकार दिला. पुस्तक निघालं थेट २०१८ मध्ये. ती १९६० मध्येच गरिबीत वारली होती.

आम्हा सोलापूरकरांना तर हे आतून कळायला हवं. शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका घरात तेलुगू बोलतात, दारात मराठी. जवळच कन्नड, पलीकडे दखनी उर्दू. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर सगळंच एकत्र कानावर पडतं. आपल्या कादंबऱ्यांत मात्र ही माणसं पुस्तकी मराठी बोलू लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या कुणी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे मनावर घ्यावं. सुरुवात 'बॅराकून'पासून करा, लहानसंच आहे.