पिवळ्या पळसाच्या बियांपासून पिवळाच पळस उगवतो का?

बांधावरचा:
विदर्भातील आमच्या गावालगतच्या गायरानात केशरी फुलांच्या पळसांमध्ये एक झाड असे आहे की त्याला फाल्गुनात लिंबासारखी पिवळी फुले येतात. गावात त्याला पांढरा पळस म्हणतात. त्याची साल जवळ ठेवली की धन मिळते, अशी समजूत असल्यामुळे हात पोहोचेल तिथपर्यंत खोडाची साल जागोजागी तासलेली आहे. हे झाड फार वर्षे तग धरेल असे वाटत नाही. यंदा शेंगा बऱ्या धरल्या आहेत. त्यांपासून रोपे करून ती शाळेच्या आवारात लावावीत असा विचार आहे. मात्र त्यांना पिवळीच फुले येतील याची खात्री धरता येईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रानपारखी:
फुले झाडावर ताजी असताना पाहिली आहेत ना? गळून सुकलेली फुले कोणत्याही पळसाची फिकट दिसतात, आणि त्याच दिवसांत निष्पर्ण अवस्थेत फुलणारी गणेर लांबून पाहणारे कित्येक जण पिवळा पळस समजतात. आपले झाड खरोखर पळसाचे असेल, तर ते ब्युटिया मोनोस्पर्मा याच जातीचे ल्यूटिया नावाचे दुर्मीळ वाण होय. ती वेगळी प्रजाती नाही, आणि बियांचा प्रश्न नेमका इथेच अडतो.

शेंगबी:
वरील मुद्दा पुढे नेतो. पळसाचे फूल हातात घेऊन उकलले तर शेंगाकुळाची सगळी रचना त्यात दिसते: मागे वळलेली पताका, दोन बाजूंचे पंख आणि पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले नौतल. नौतलाच्या आत दहा पुंकेसर असतात, त्यांपैकी नऊ एकमेकांना जुळलेले आणि एक सुटा. मकरंदासाठी या फुलांवर साळुंक्या, बुलबुल असे बरेच पक्षी येतात. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परागीभवनाचे खरे काम पक्ष्यांपैकी जांभळा शिंजीर करतो आणि खारही त्याला हातभार लावते, असे आढळले. त्याच अभ्यासानुसार, झाडाचे स्वतःचे पराग दुसऱ्या झाडाच्या परागांच्या तुलनेत मागे पडतात. आपल्या एकट्या पिवळ्या झाडाभोवती सगळे केशरी पळस आहेत. त्यामुळे त्याच्या शेंगांतील बऱ्याचशा बियांचा पिता केशरी असण्याचीच शक्यता अधिक. पिवळा रंग अप्रभावी जनुकामुळे येत असेल, तर अशा बियांची पहिली पिढी केशरीच फुलेल. पिवळेपणा तिच्यात दडून राहील आणि पुढच्या पिढीत काही रोपांत पुन्हा वर येईल. आणि हे कळायलाही रोप फुलेपर्यंत बरीच वर्षे थांबावे लागेल, कारण पाने पाहून काहीच सांगता येत नाही. पळसाला पाने तीनच, मग तो केशरी असो की पिवळा. पिवळा पळस म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

बांधावरचा:
मग वाण टिकवायचे कसे? झाडापासून थोड्या अंतरावर जमिनीतून काही फुटवे आलेले आहेत, ते उपयोगी पडतील का?

रानपारखी:
तेच सर्वांत खात्रीचे. पळसाला मुळांवरून फुटवे येतात, आणि असा फुटवा हा मूळ झाडाचाच भाग असल्यामुळे त्याचा रंग बदलत नाही. मात्र फुटवा शेजारच्या केशरी पळसाच्या मुळावरचा तर नाही ना, हे त्याच्या बुडाशी हलक्या हाताने माती उकरून पाहावे लागेल. आडवे मूळ दिसले की ते कोणत्या खोडाकडे जाते, याचा माग काढता येतो. पाऊस लागल्यावर मुळाचा तुकडा आणि मातीचा गोळा यांसह फुटवा काढावा. सगळे एकदम काढू नयेत, कारण काढलेल्यांपैकी काही मरतात आणि जागेवरचे फुटवे मूळ झाड वठले तरी त्याचा वारसा चालवू शकतात.
बियाही वाया घालवू नयेत. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते, ते सोलून काढण्याची गरज नसते. कडा कापून शेंगेचा तो भाग तसाच पावसाच्या तोंडावर पेरावा. जुने बी उगवत नाही, म्हणून पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

शेंगबी:
एक विनंती. सालीसाठी येणारे लोक समाजमाध्यमांवरूनही माग काढतात, म्हणून झाडाचे नेमके ठिकाण किंवा परिसर ओळखू येईल असे छायाचित्र कुठेही टाकू नये. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत या झाडाची नोंद करून घ्यावी. गायरानातील झाडावर उद्या कोणी कुऱ्हाड चालवली, तर निदान कागद हाताशी असेल.

बांधावरचा:
समितीच्या सदस्यांशी बोलतो. फुटव्यांची मुळे पहिल्या पावसानंतर उकरून पाहीन आणि शेंगाही पेरीन. फक्त शाळेतील रोपांच्या फलकावर ‘पळस’ एवढेच लिहिले जाईल.