युद्ध तिकडे आणि सोयाबीन लातूरचं का हलतं?

काळीमाती: मंडळी एक विचारायचंय. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि इकडे लातूरला सोयाबीन चढलं. मी म्हटलं अजून वाढेल, 40 कट्टे ठेवले अन् जूनमध्ये पडत्या भावात घातले. परत कुठं युद्धाची बातमी आली की घरात तोच वाद, विकायचं का थांबायचं. आमच्या सोयाबीनचा त्या तोफांशी संबंध काय?

आडतकट्टा: संबंध तेलाचा आहे दादा. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यात सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन-रशियाचं, काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली तसं सगळं गिऱ्हाईक पाम आणि सोयातेलावर तुटून पडलं, वरून 28 एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. 23 मेला ती उठली. दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने वर्षाला 20 लाख टन कच्चं सोयातेल अन् तेवढंच सूर्यफूल तेल शुल्काशिवाय आणायला मोकळीक दिली. भाव पडला तो तिथून, तुमचे कट्टे तिथं गावले 😀

रात्रपाळी: भाव माल संपल्यावर नाही, संपेल या धास्तीवर चढतो. 7 मार्चला ब्रेंट क्रूड, म्हणजे जगाच्या बाजारातलं कच्चं खनिज तेल, पिंपाला 139 डॉलरपर्यंत जाऊन आलं, पण रशियाचं तेल काही थांबलं नाही, पुढे आपणच भरपूर घेतलं. शिकागोच्या धान्यबाजारातला गहूही मार्चमध्ये विक्रमी चढला अन् जुलैत जवळपास युद्धाआधीच्या भावावर आला, युद्ध चालूच होतं तरी! लोकांना अंदाज आला की हवा निघते. खताचं मात्र तसं नाही हां, युरिया गॅसपासून बनतो, पोटॅश बरंचसं रशिया-बेलारूसचं, ते लवकर उतरत नाही.

काळीमाती: पोटॅशचं खरंय, त्या साली दुकानदार हातच वर करायचा. पण मग ठेवायचं का विकायचं ते सांगा की राव

आडतकट्टा: ते कळत असतं तर आडत कशाला केली असती 😂 तेव्हा वायद्याचाही (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचा सौदा) आधार नव्हता, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021 लाच सोयाबीनचा वायदा थांबवलेला. मी तर म्हणतो बातमीने भाव उसळला की निम्मा माल घालून मोकळं व्हायचं. उरलेला ठेवा, पण डोळा दिल्लीवर ठेवा, त्याच साली गव्हाला 13 मेला निर्यातबंदी आली ती रातोरात आली.

काळीमाती: निम्मा चालेल. घरच्यांना दाखवतो हे.