दिव्यांग अभ्यासाचा प्रकल्प: डोळ्यांवर पट्टी बांधून काय कळणार?

एमए_सांगली: नमस्कार. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्ही तिघी मैत्रिणी मिळून दिव्यांग अभ्यासावर प्रकल्प करतोय. हातात तीन महिने आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून आणि व्हीलचेअरवर बसून एक दिवस एसटी स्टँड ते गणपती मंदिर फिरायचं, अनुभव लिहायचे आणि शेवटी वीस जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, असा बेत आहे. कसा वाटतो?

विजयनगरकर: छान आहे, जरूर करा. स्वतः अडखळल्याशिवाय लेखनात पोटतिडीक येत नाही.

पांढरी_काठी: मी जन्मापासून अंध आहे, विश्रामबागहून रोज एकटा कॉलेजला जातो. पट्टी बांधून तुम्हाला पहिल्या दिवसाची भीती कळेल, माझं जगणं नाही. तळणीच्या वासावरून वळण ओळखणं, काठीच्या ठोक्यावरून गटारावरची फरशी हलतेय हे समजणं, हे सगळं शिकायला मला वर्षं लागली. तुम्ही अर्ध्या तासात पट्टी सोडाल आणि 'किती अवघड आयुष्य' असं लिहाल. वाचणाऱ्याला माझी कीव येईल, फूटपाथवरच्या मोटारसायकली मात्र तिथंच राहतील.

आणि आम्ही फक्त शेवटी, उत्तरांपुरतेच का? मागे एकानं मला विचारलं होतं, 'अंधत्वामुळे नैराश्य येतं का? हो किंवा नाही.' मला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी घातलेल्या चार हेलपाट्यांबद्दल सांगायचं होतं. त्यासाठी रकानाच नव्हता.

विजयनगरकर: तुमचा राग समजतो. पण ज्यानं कधी विचारच केला नाही त्याला जागं करायला एक दिवसही पुरतो. माझं तसंच झालं होतं. या मतावर मी ठाम आहे.

निवृत्त_अभियंता: भावना राहू द्या, टेप घ्या. रॅम्पला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लांबी. कितीतरी ठिकाणी आठ-दहा फुटांची घसरगुंडी करून 'सोय केली' म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. मोजमाप कागदावर आलं की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

मिरजेची_आई: काका, तुमच्या टेपात माझी लेक सापडायची नाही. तिला बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्याच कायद्यात २१ प्रकार आहेत, रॅम्प त्यातल्या किती जणांच्या कामाचा? २०१९ च्या महापुरात आम्ही निवारा केंद्रात होतो. गोंगाटानं ती रात्रभर कानावर हात धरून बसली आणि लोक मला म्हणत होते, 'पोरीला आवरा.' एक शांत खोली मिळाली असती तर भागलं असतं. याचं मोजमाप कोण करणार?

निवृत्त_अभियंता: हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ताई. तरी तीन महिन्यांत सगळं होणार नाही. एक जागा धरा, तीच नीट करा.

एमए_सांगली: पट्टी रद्द. निवारा केंद्रांचाच विषय घ्यावा असं वाटतंय. मोजमाप करूच, पण काय मोजायचं ते आधी तुमच्याबरोबर बसून ठरवू. दादा, काकू, रविवारी जमेल? येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ.

मिरजेची_आई: लेकीला घेऊन येईन. तिलाही विचारा, मला विचारून थांबू नका.

पांढरी_काठी: येतो. मसुदा आधी पाठवा, पण कागदाचा फोटो नको. टाइप केलेला असेल तर मोबाइल मला वाचून दाखवतो.