'अश्लील', 'प्रौढ' आणि 'समाजस्वास्थ्य'

संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'ला 'प्रौढांसाठीचे मासिक' म्हणणे मला पटत नाही. प्रौढ भाषा, प्रौढ विचार, प्रौढ शिक्षण या प्रयोगांत 'प्रौढ' हा शब्द परिपक्वतेचा किंवा वयाचा निदर्शक आहे. त्याला आजची सूचक छटा चिकटली ती मुख्यत्वे चित्रपटांच्या जाहिरातींतील 'फक्त प्रौढांसाठी' या पाटीमुळे. निव्वळ गुदगुल्या करणाऱ्या मासिकासाठी मराठीत 'चावट' हा नेमका शब्द आहेच, आणि त्यात गुन्ह्यापेक्षा खोडीचा भाव अधिक आहे. जुलै 1927 मध्ये सुरू होऊन कर्वे यांच्या निधनापर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत चाललेल्या या मासिकाला तोही लागू पडत नाही. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र असले, तरी आत संततिनियमन, गुप्तरोग, हस्तमैथुन यांविषयी लिहिताना आडपडदा नसे आणि लाडिकपणाही नसे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे ते कोरडे गद्य होते.

नावातील 'स्वास्थ्य'ही विचारपूर्वक निवडलेले वाटते. 'आरोग्य' म्हणजे रोगाचा अभाव, तर 'स्वास्थ्य' म्हणजे 'स्व'मध्ये स्थिर असणे. 'जिवाला स्वास्थ्य नाही' असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार तापाची नसते. गंमत अशी, की असल्या लेखनाचे विरोधक आजही 'समाजाचे स्वास्थ्य बिघडते' हेच शब्द वापरतात.

खरा घोळ 'अश्लील'चा आहे. 'श्री' नसलेले, म्हणजे अशोभन, हा त्याचा मूळ भाव. मम्मटादी काव्यशास्त्रकारांनी अश्लीलता हा दोष मानला आणि व्रीडा (लाज), जुगुप्सा (किळस) व अमंगल असे त्याचे तीन प्रकार केले. त्यामुळे मृत्यूची अभद्र सूचना देणारा शब्दही त्यांच्या लेखी अश्लीलच. दोष शब्दयोजनेचा होता, विषयाचा नव्हे, कारण शृंगार तर रसांमध्ये अग्रभागी बसलेला. दंडसंहितेतील संज्ञेसाठी हाच शब्द रूढ झाल्यावर जुगुप्सा आणि अमंगल गळून पडले, उरली ती केवळ लैंगिकता, आणि कसोटी ठरली वाचकाचे मन बिघडण्याच्या शक्यतेची.

या नव्या अर्थाचा फटका कर्वे यांना बसला. पहिल्या खटल्यात व्यभिचारावरील लेखासाठी त्यांना दंड झाला. 1934 च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड टळला नाही. ज्ञान मागणाऱ्याला सरळ भाषेत दिलेले उत्तर जुन्या काव्यशास्त्राच्या कसोटीवर क्वचितच अश्लील ठरले असते, असे मला वाटते.

'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवरील खटला मात्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1969 मध्ये, अश्लीलतेची कल्पना समकालीन समाजाच्या नीतिकल्पनांवर अवलंबून असते, हे लक्षात घेऊन न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्णय दिला.