विधायकाने निगमाचा हिशेब भोपाळात मागावा का?

लोकमान्यनगरकर

आमच्या सकाळच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत परवा या प्रश्नावरून दोन तट पडले, म्हणून तो येथे मांडत आहे. एका काकांचे म्हणणे असे की विधायकाचे काम कायदे करण्याचे आहे. पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज, रस्त्यांवरचे दिवे आणि त्यांवर झालेला खर्च हे सारे पार्षदाने व महापौराने पाहावे, त्यासाठी विधानसभेचा वेळ खर्ची घालू नये. (बाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा: आम्ही इंदूरकर मराठी बोलतानाही आमदाराला विधायक, नगरसेवकाला पार्षद आणि महापालिकेला निगमच म्हणतो.)

माझे मत नेमके उलटे आहे, आणि त्याचे कारण पैशाच्या वाटेत आहे. मध्य प्रदेशात जकात, म्हणजे आपली चुंगी, 1976 साली बंद झाली आणि तिच्या जागी प्रवेशकर आला. शहराच्या नाक्यावर जमा होणारा पैसा तेव्हापासून राज्याच्या तिजोरीत जाऊ लागला आणि त्याच्या मोबदल्यात नागरी संस्थांना ‘चुंगी क्षतिपूर्ती’ मिळू लागली. आता ही रक्कम निगमाच्या हाती पडण्याआधीच तिच्यातून थकीत वीजबिलासारखी देणी परस्पर वळती करून घेतली जातात. पार्षद परिषदेत उभा राहून आयुक्तांना एवढेच विचारू शकतो की किती रक्कम आली. किती कापली, कोणत्या आदेशाने कापली आणि ती कोणाच्या खात्यात गेली, याचे उत्तर द्यायला बांधील असलेला मनुष्य भोपाळात बसतो, आणि त्याला सभागृहात उभे करण्याचा अधिकार इंदूरच्या 85 पार्षदांपैकी एकालाही नाही. तो विधायकालाच आहे.

अर्थात प्रश्न कसा विचारावा यावर सगळे अवलंबून असते. “शासन इंदूरच्या पाणीपुरवठ्याकडे लक्ष देणार काय?” असे विचारले की “जी हाँ” एवढे दोन शब्द मिळतात आणि विचारणारा व उत्तर देणारा दोघेही समाधानाने घरी जातात. याउलट वित्तीय वर्ष, योजनेचे नाव, मंजूर रक्कम, दिलेली रक्कम, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम अशी क, ख, ग, घ भागांत विचारणा केली, तर खात्याला टाळाटाळ करायलाही मेहनत पडते.

रामबाग

लोकमान्यनगरकर, पैशाची वाट आपण बरोबर दाखवली आहे, परंतु त्या वाटेने आपण सत्ताच भोपाळला परत पाठवीत आहात. 74 वी घटनादुरुस्ती 1992 साली झाली ती शहरांचा कारभार शहरांच्या हाती यावा म्हणून. आपला महापौर थेट मतदानाने निवडला जातो. असे असताना टाकीपासून दिव्यापर्यंतचा प्रत्येक जाब राज्याच्या मंत्र्याला विचारला, तर निगमाचा अधिकारी महापौराकडे पाठ आणि भोपाळकडे तोंड करूनच बसणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? मंत्र्याने सभागृहात दिलेले उत्तर चुकले तर अधिकाऱ्याची मान अडकते; पार्षदाला दिलेले उत्तर चुकले तर काहीच होत नाही.

दुसरे असे की पार्षदपदाला वजन असले तरच तेथे चांगली माणसे येतात. सुमित्राताई महाजन 1984 साली आपल्या उपमहापौर होत्या, 1989 साली लोकसभेत गेल्या आणि 2014 ते 2019 या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. गल्लीतला हिशेबही विधायकच विचारणार असेल, तर निगमात शिकण्यासारखे काय उरेल?

आणि पुरावाच पाहायचा तर 2024 मधला घ्यावा. ड्रेनेजच्या न झालेल्या कामांची बनावट बिले, सुरुवातीला उघड झालेली रक्कम सुमारे 28 कोटींची, हे प्रकरण विधानसभेतल्या कोणत्या प्रश्नाने बाहेर काढले? कोणत्याही नाही. निगमाच्याच फिर्यादीवरून पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला.

जुना लेखापरीक्षक

ग्वाल्हेरच्या महालेखाकार कार्यालयात उमेदीची वर्षे घालवून आता इंदुरात मुलाकडे राहतो, त्यामुळे कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो एवढे सांगू शकेन. दोघेही थोडे बरोबर आणि थोडे भाबडे आहात, असे नम्रपणे म्हणतो.

विधायकाचा प्रश्न विधानसभा सचिवालयातून खात्याकडे, खात्याकडून आयुक्तांकडे आणि तेथून झोन कार्यालयापर्यंत उतरतो, आणि त्याच जिन्याने उत्तर वर चढते. चढताना प्रत्येक पायरीवर त्यातले काहीतरी गळते. शेवटी जे छापले जाते त्याचे चार साचे आहेत आणि विधानसभेची प्रश्नोत्तरी चाळणाऱ्याला ते पाठ असतात: “जी हाँ”, “जी नहीं, शेषांश का प्रश्न उपस्थित नहीं होता”, “जानकारी पुस्तकालय में रखे परिशिष्ट अनुसार है”, आणि सर्वांत प्रसिद्ध, “जानकारी एकत्रित की जा रही है.” हे शेवटचे उत्तर म्हणजे नकार नव्हे. अशा अपूर्ण उत्तरांची पूर्ण उत्तरे नंतर संकलित करून पटलावर ठेवण्याची पद्धत आहे. तोवर अधिवेशन संपलेले असते, वर्तमानपत्राचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते आणि ज्याने प्रश्न विचारला त्याने ते संकलन उघडून पाहिलेले असतेच असे नाही. माझा राग खात्यावर जेवढा आहे, त्याहून अधिक तो संकलन न उघडणाऱ्यावर आहे.

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नाचे आकर्षण सर्वांना असते, कारण त्यावर उभे राहून पूरक प्रश्न विचारता येतो. पण दिवसाच्या यादीत असे प्रश्न मोजके असतात, त्यांतही एका तासात पुकारा होतो तो पहिल्या काहींचाच. हिशेब काढायचा असेल तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, प्रश्न बरा. त्याला टाळ्या मिळत नाहीत, परंतु छापील तक्ता मिळतो आणि तो तक्ता मंत्र्याच्या नावावर असतो.

रामबाग यांनी 28 कोटींचा दाखला दिला तो खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. बनावट बिल पकडणे हे विधायकाचे काम कधीच नव्हते. ते लेखा शाखेचे, स्थानिक निधी संपरीक्षेचे (म्हणजे लेखापरीक्षणाचे) आणि शेवटी पोलिसांचे काम आहे. विधायकाने विचारायचे ते असे, की संपरीक्षेने किती आक्षेप काढले, त्यांपैकी किती किती वर्षे पडून आहेत आणि ते निकाली काढण्याची जबाबदारी कोणाच्या पदावर आहे. विधानसभेत यासाठी लोकलेखा समितीशिवाय स्थानिक संस्था व पंचायती राज यांच्या लेख्यांसाठी वेगळी समितीसुद्धा आहे. तिचे नाव किती मतदारांना ठाऊक आहे, हे आपल्या फिरण्याच्या मंडळींत विचारून पाहावे.

सुदामानगर

काका, साचे आपण छान सांगितलेत, परंतु खोलीत हत्ती बसला आहे आणि आपण सगळे खुर्च्यांचे मोजमाप करीत आहात. 2023 च्या निवडणुकीत इंदूर जिल्ह्यातल्या नवही जागा एकाच पक्षाला मिळाल्या आणि तोच पक्ष सत्तेत आला. नगरीय विकास खाते ज्यांच्याकडे सोपवले गेले ते कैलाश विजयवर्गीय स्वतः इंदूर-1 चे विधायक, आणि 2000 साली थेट निवडून आलेले इंदूरचे महापौर. जिल्ह्याचे प्रभारी मंत्रिपद, म्हणजे पालकमंत्रिपद, 2024 पासून खुद्द मुख्यमंत्र्यांकडे. अशा घरात कोण कोणाला प्रश्न विचारणार? मी कोणत्याही पक्षाविरुद्ध बोलत नाही. नवही जागा दुसऱ्या पक्षाच्या असत्या तरी हेच लिहिले असते. ज्याच्या तिकिटावर पुन्हा उभे राहायचे आहे, त्याच्या खात्याचा तक्ता मागण्याची हिंमत माणसाच्या स्वभावात नसते.

शिवाय वेळ कोठे आहे? 2025 चे अर्थसंकल्पी अधिवेशन 10 ते 24 मार्च असे होते, बैठका 9. त्यात 4 लाख 21 हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. राज्यघटनेचे कलम 174 दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये एवढेच सांगते. वर्षातून किती दिवस बसावे याबद्दल ते गप्प आहे.

लोकमान्यनगरकर

सुदामानगर, बैठकांबद्दल आपल्याशी वाद नाही. नऊ बैठकांत अनुदानाच्या मागण्यांवर खातेवार चर्चा होणे कठीणच, बऱ्याच मागण्या एकत्र मंजुरीला टाकल्या जातात. पण त्याच कारणाने लेखी प्रश्नाचे मोल वाढते, कारण त्याला सभागृहातला वेळ लागतच नाही.

सत्ताधारी विधायक विचारत नाही, हे मात्र मला सरसकट मान्य नाही. प्रश्न म्हणजे अविश्वास प्रस्ताव नव्हे. आपल्याच मंत्र्याला “हे काम का अडले?” असे विचारणारा विधायक मतदारसंघात नाव मिळवतो, आणि मंत्र्यालाही कधी कधी तो हवा असतो, कारण खालच्या अधिकाऱ्याला हलवायला निमित्त मिळते. आपला मुद्दा खरा ठरतो तो घोटाळा या शब्दाजवळ. तेथे विधायक कचरतो, हे मी मान्य करतो. म्हणून मी म्हणतो की घोटाळा हा शब्द प्रश्नात घालूच नये; तारीख आणि रक्कम विचारावी. आकडे आले की पुढचे वाचणाऱ्याला वाचता येते.

रामबाग

म्हणजे आता आपण विधायकाकडून हिंमतीची अपेक्षा सोडून चतुराईची अपेक्षा करीत आहात. असो. लेखापरीक्षक काकांच्या स्पष्टीकरणानंतर मी एवढे मागे घेतो की राज्याने कापलेल्या पैशाचा जाब राज्याच्या सभागृहातच मागावा लागेल. परंतु निगमाने स्वतः उभारलेल्या पैशाचे काय? फेब्रुवारी 2023 मध्ये निगमाने 244 कोटींचे हरित रोखे बाजारात आणले, नर्मदाकाठच्या जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. हे कर्ज निगमाचे आहे आणि त्याचा हिशेब निगमाने रोखेधारकांना व आपल्या परिषदेला द्यावा. तेथेही विधायकाने हात घातला, तर माझा पहिला आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो.

लोकमान्यनगरकर

येथेच दोन धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर दूर आणि बरेच उंचावर आणावे लागते, म्हणून विजेचे बिल अवाढव्य येते. बिल थकले की चुंगी क्षतिपूर्तीला कात्री लागण्याची वाट मोकळी होते. बिल कमी व्हावे म्हणून सौर प्रकल्प, आणि त्यासाठी रोखे. रोख्यांचा हिशेब परिषदेत मागावा हे मान्य, पण प्रकल्पामुळे राज्याकडून होणारी कपात घटणार की नाही, हे परिषद कोणाला विचारणार? नुसते आरोप-प्रत्यारोप नकोत म्हणून एक अतारांकित प्रश्नच लिहून पाहतो:

(क) इंदूर नगर निगमास मागील तीन वित्तीय वर्षांत चुंगी क्षतिपूर्तीपोटी किती रक्कम देय होती व प्रत्यक्ष किती दिली गेली, वर्षनिहाय? (ख) देय रकमेतून कोणकोणत्या देण्यांपोटी, कोणत्या आदेश क्रमांकाने व दिनांकाने किती कपात झाली? (ग) त्यांपैकी जलूद येथील पाणी उपशाच्या वीजबिलापोटी किती? (घ) जलूद सौर प्रकल्पातून आजवर किती युनिट वीज मिळाली. मिळाली नसल्यास ती केव्हापासून मिळेल?

रामबाग

(घ) ला माझा विरोध कायम आहे. तो परिषदेसाठी ठेवावा आणि आपल्या पार्षदाकडून विचारून घ्यावा. पहिल्या तीन भागांवर मी सही करीन.

सुदामानगर

सही मीही करीन, पण विचारणार कोण, ते अजून कोणी सांगितलेले नाही.

जुना लेखापरीक्षक

नवांपैकी मंत्री नसलेला कोणीही एक पुरे. नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जावे, आणि जाताना दोन प्रती न्याव्यात. मसुद्यात एक सुधारणा सुचवतो. “मागील तीन वित्तीय वर्षांत” असे लिहू नये. वर्षे आकड्यांत लिहावीत, अन्यथा खाते आपल्या सोयीची तीन वर्षे धरते. आणि (ख) मध्ये “आदेशाची प्रत जोडून” हे तीन शब्द घालावेत. प्रत जोडायची म्हटली की परिशिष्ट पुस्तकालयात जाईल, हे नक्की. पण पुस्तकालयात गेलेला कागद निदान वाचता तरी येतो. मुलाला मार्चमध्ये भोपाळला काम आहे, त्याच्याबरोबर मी जाणार आहे.