उन्हाळ्यात कुत्री पाणी कमी पिते, काय करावे?

प्रश्न : आमच्या लॅब्राडोर कुत्रीचे वजन २८ किलो आहे. ऊन वाढल्यापासून ती दुपारभर धापा टाकत फरशीवर पडून असते, पण भांड्यातले पाणी संध्याकाळपर्यंत जेमतेम दोन बोटे उतरते. तिला पाणी कमी पडते आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर १ : दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे तिला सुमारे दीड लिटर पाणी लागते; उन्हाळ्यात त्याहून अधिक, कारण कुत्र्याला अंगभर घाम येत नाही आणि धापा टाकताना तोंडावाटे बाष्प होऊनच त्याचे शरीर थंड होते. ओल्या खाण्यातले पाणीही हिशेबात धरावे. हिरडीवरून बोट फिरवून पाहा : ती ओलसर, बुळबुळीत असावी, चिकट किंवा कोरडी लागली, तर पाणी कमी पडते आहे.

उत्तर २ : आमचा कुत्राही असाच करत असे. एकदा भांड्यात हात घातला, तेव्हा पाणी चक्क कढत लागले! भांडे सावलीत हलवून पाणी तीनदा बदलू लागल्यावर तो आपणहून पिऊ लागला. कोरड्या खाण्यातही पाणी मिसळावे. मात्र पिचकारीने घशात कधीही ओतू नये, ते फुफ्फुसात जाऊ शकते.

उत्तर ३ : माणसांची पेये देऊ नका, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असते व ते कुत्र्यांना विषारी आहे. ती झोकांड्या देऊ लागली, उलट्या झाल्या किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला, तर अंग गार पाण्याने भिजवून, वारा घालत, तातडीने पशुवैद्यांकडे न्यावे.